दुसऱ्या टप्प्याचा हिशेब : महाधमनीच्या कमानीचं एक प्रकरण

जालना जिल्ह्यातले हे शेतकरी आमच्याकडे छत्रपती संभाजीनगरला आले, ते त्यांच्या मते आवाजासाठी. वय 58, तीन एकर मोसंबी, थोडा कापूस, आणि गावच्या भजनी मंडळात अभंग उचलण्याचा मान. सप्ताहात गाता गाता आवाज बसला आणि तो बसला तो बसलाच. ओळख पटू नये म्हणून गावाचे आणि घरचे तपशील मोघम ठेवतो.

आधीच्या आठ महिन्यांत मिठाच्या गुळण्या झाल्या होत्या, ज्येष्ठमध झालं होतं, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले होते. छातीच्या एक्स-रेत डावीकडे वरच्या बाजूला सावली दिसली, तेव्हा एका दवाखान्यात थुंकी न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. सहा महिने त्यांनी त्या इमानेइतबारे घेतल्या. शेवटी एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून घसा पाहिला. उजवा स्वरतंतू नीट हलत होता, डावा जागचा हलत नव्हता. त्यांनी घशाचं औषध लिहिलं नाही, छातीचा सीटी लिहिला. या सबंध प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय तो आहे. आमचा, म्हणजे हृदयाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांचा, नंबर त्यानंतर लागतो.

महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. ती आधी वर चढते, वळते आणि पाठीकडून खाली उतरते; ते वळण म्हणजे कमान. डाव्या स्वरतंतूला हलवणारी नस मानेतून थेट घशात जात नाही. ती आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि मग पुन्हा घशाकडे चढते. उजवी नस छातीत इतकी खोल जात नाही. त्यामुळे कमान फुगली की डावी नस ताणली जाते आणि आवाज बसतो. बीपी जुनं, बिडी जुनी, आवाज बसलेला आणि औषधांनी न सुटलेला, असा माणूस समोर आला की घसा पाहून थांबू नका, छातीत डोकावा. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी बसणाऱ्या माझ्या डॉक्टर मित्रांना हे मला हात जोडून सांगायचं आहे.

सीटीत कमान सबंध फुगलेली होती, सगळ्यात रुंद जागी 64 मिलिमीटर. मेंदूकडे जाणारी डावी कॅरोटिड धमनी निघते तिथे ती 44 होती, चढती महाधमनी 42. फुगा कमानीतून खाली उतरून छातीच्या पाचव्या मणक्याच्या पातळीपर्यंत गेला होता. सहाव्यापासून महाधमनी पुन्हा 30 मिलिमीटरची, सरळ आणि निरोगी. हृदयाचं काम चांगलं, झडप ठीक, हृदयाच्या स्वतःच्या धमन्या (कोरोनरी) साफ. फुफ्फुसांची चाचणी मात्र अपेक्षेच्या 52 टक्के आली आणि क्रिएटिनिन 1.5. पुढे ज्या दोन गोष्टींनी निर्णय फिरवला, त्या या: बिडीने खाल्लेली फुफ्फुसं आणि काठावर आलेली किडनी.

कमान 55 मिलिमीटरच्या पुढे गेली की शस्त्रक्रियेचा विचार करतात. त्रास सुरू झालेला असेल तर आकड्याची वाट पाहत नाहीत. इथे दोन्ही होतं. त्यांना ते पटत नव्हतं. "दुखत नाही काई, मग कापायचं कामून?" हा त्यांचा प्रश्न, आणि तो प्रामाणिक होता. फुगा फुटेपर्यंत बहुतेकदा दुखत नाही, आणि फुटल्यावर साठेक किलोमीटरचा रस्ता संपेपर्यंत माणूस राहत नाही, हे मी त्यांना तसंच सांगितलं.

वाटा कोणत्या होत्या

हृदय न थांबवता करायची एक वाट असते. मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या आधी वळवून घ्यायच्या आणि मांडीतून स्टेंट, म्हणजे धातूच्या कड्यांची कापडी नळी, चढवून कमान आतून झाकायची. स्टेंटचं वरचं टोक धरायला चढती महाधमनी चांगली लागते. यांची 42 होती. इतक्या ताणलेल्या भिंतीत मोठा स्टेंट रोवला तर तीच मागे चिरत जाण्याची भीती. ही वाट आम्ही लवकर सोडली.

राहिल्या दोन. दोन्हींत छातीचं मधलं हाड उघडायचं, हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या पंपावर घ्यायचं, शरीर थंड करायचं, रक्ताभिसरण थांबवायचं आणि कमान बदलायची. फरक आहे तो कमानीच्या पुढच्या, खाली उतरणाऱ्या महाधमनीचं काय करायचं यात.

जुनी पद्धत हान्स बोर्स्ट यांची, जर्मनीतल्या हॅनोव्हरची, 1983 ची. कमानीच्या जागी डेक्रॉन या कृत्रिम कापडाची नळी शिवायची आणि तिचं सातआठ सेंटिमीटरचं मोकळं टोक खालच्या महाधमनीत लोंबतं सोडायचं. हत्तीची सोंड लोंबावी तशी, म्हणून नाव 'एलिफंट ट्रंक'. या सोंडेचा उपयोग त्या दिवशी काहीच नसतो. ती पुढच्यासाठी ठेवलेली असते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डाव्या बरगड्यांतून छाती पुन्हा उघडायची, लोंबतं टोक हाती घ्यायचं आणि खालचा फुगा बदलायचा. सोंड नव्हती तेव्हा दुसऱ्या वेळी कमानीच्या मागे जुन्या चिकट्यांतून वाट काढावी लागे, रक्त आवरत नसे. बोर्स्ट यांनी हे संकट टाळलं. कल्पना साधी आणि मोठी होती. आता बऱ्याच ठिकाणी दुसरा टप्पा उघडून न करता मांडीतून स्टेंट नेऊन त्याच सोंडेत बसवतात.

नवी पद्धत म्हणजे हायब्रिड ग्राफ्ट. एकाच उपकरणात वरची बाजू शिवायची डेक्रॉन नळी आणि खालची बाजू निटिनॉल या लवचिक धातूच्या कड्यांचा स्टेंट. जपानात ओसाकाच्या काटो आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये उघड्या छातीतून असा स्टेंट बसवल्याचं प्रसिद्ध केलं. हॅनोव्हरच्याच गटाने 2003 मध्ये त्याला 'फ्रोजन एलिफंट ट्रंक' हे नाव दिलं. नावातल्या 'फ्रोजन'चा बर्फाशी संबंध नाही. सोंड लोंबत नाही, जागेवर ताठ राहते, एवढाच अर्थ. पुढे ई-व्हिटा, थोराफ्लेक्स अशी तयार उपकरणं आली. थोराफ्लेक्सला कमानीच्या तीन शाखांसाठी तीन फांद्या आणि पंपाची नळी जोडायला चौथी, अशी रचना असते. युरोपात ते 2012 पासून आहे, अमेरिकेत 2022 मध्ये मान्यता मिळाली. स्टेंट निरोगी भिंतीत नीट टेकला तर मधला फुगा त्याच दिवशी रक्ताच्या धारेतून बाहेर पडतो.

वाचताना वाटेल, मग प्रश्नच काय, नवीन घ्या. पण हायब्रिडची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. एक पैशात: साध्या डेक्रॉन नळीच्या कित्येक पट. दुसरी पाठीच्या कण्यात. छातीतल्या महाधमनीतून मणक्यांकडे बारीक धमन्या जातात आणि त्यांवर मज्जारज्जू जगतो. त्यांतली सगळ्यात मोठी बहुधा आठव्या मणक्याच्या खाली कुठेतरी निघते. लोंबती सोंड या तोंडांवर दाबून बसत नाही, ताठ स्टेंट ती झाकतो. त्यामुळे जुन्या पद्धतीत पाय लुळे पडण्याचा धोका कमी, हायब्रिडमध्ये जास्त. निरनिराळ्या मालिकांत शंभरात साधारण तीन ते पाच. चालता माणूस ऑपरेशनला नेऊन चाकाच्या खुर्चीत परत देणं ही कल्पनाही सहन होत नाही. दोन्ही पद्धतींची समोरासमोर मोठी यादृच्छिक चाचणी झालेली नाही. जे आहे ते नोंदवह्यांतून आणि मागे वळून केलेल्या तुलनांतून, आणि तिथे कोणाला काय लावायचं हे सर्जननेच आधी ठरवलेलं असतं. म्हणून 'नवीन चांगलं' असं सरसकट मी म्हणणार नाही.

मला आठवणारा दुसरा माणूस

काही वर्षांपूर्वी ज्यांचा लोंबत्या सोंडेचा पहिला टप्पा मी स्वतः केला, असे एक रुग्ण होते. तेही याच भागातले. ऑपरेशन उत्तम झालं, दहाव्या दिवशी चालत घरी गेले. तीन महिन्यांनी दुसऱ्या टप्प्याला या, असं फाइलवर मी माझ्या हाताने लिहिलं. तीन महिने झाले तेव्हा पेरणी होती. नंतर पाऊस लांबला, दुबार पेरणीला पैसा लागला. फोनवर ते म्हणायचे, "साहेब, आता तर बरं वाटू लागलं." पाचव्या महिन्यात फोन त्यांच्या मुलाने उचलला.

मोठ्या केंद्रांच्या नोंदींतही हेच दिसतं: पहिल्या टप्प्यानंतर बरेच रुग्ण दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. कोणी मधल्या काळात फुगा फुटून जातो, कोणी थकलेला असतो, कोणी नको म्हणतो. आपल्याकडे त्यात आणखी कारणं मिळतात. हंगाम, मुलीचं लग्न, पाणी, सोसायटीचं कर्ज. या कारणांना मी निष्काळजीपणा म्हणत नाही. ज्याला बरं वाटतंय त्याने पुन्हा छाती उघडून घ्यायला शंभर मैलांवरून यावं, ही अपेक्षा माझ्या योजनेत होती, त्याच्या आयुष्यात नव्हती. ती चूक माझी होती, आणि ती मला लागून राहिली.

म्हणून जालन्याच्या या शेतकऱ्यांबद्दल आम्ही डॉक्टर बसलो तेव्हा मी पहिला प्रश्न उपकरणाचा काढला नाही. दुसरा टप्पा यांना झेपेल का, हा काढला. भूलतज्ज्ञांनी फुफ्फुसांचा कागद पुढे सरकवला. 52 टक्क्यांवर डाव्या बरगड्या उघडून एक फुफ्फुस मिटवून ऑपरेशन करायचं म्हणजे फार मोठी जोखीम. मांडीतून स्टेंट नेऊन दुसरा टप्पा करता आला असता, पण तोही टप्पाच, तोही वेगळा खर्च, पुन्हा किडनीला जड जाणारं कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन आणि काठावरची किडनी. उलट यांचा फुगा पाचव्या मणक्यापाशी संपत होता. हायब्रिडच्या एका स्टेंटमध्ये तो सबंध झाकला जाण्यासारखा होता. फुगा छाती-पोटामधल्या पडद्यापर्यंत (डायफ्राम) गेला असता तर हायब्रिडनेही काम अर्धंच झालं असतं आणि माझं मत कदाचित वेगळं असतं.

मग लांबीचा वाद झाला. स्टेंट 10 सेंटिमीटरचा की 15 चा? दहाचा घेतला तर टोक फुग्याच्या काठावरच राहणार, रक्त बाजूने आत शिरत राहणार. पंधराचा घेतला तर मज्जारज्जूच्या धमन्यांच्या जवळ. उपाय निघाला शिवण्याच्या जागेत. टाका डाव्या सबक्लेव्हियनच्या, म्हणजे डाव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीच्या, पुढे न घेता अलीकडे, डाव्या कॅरोटिड आणि सबक्लेव्हियनच्या मध्ये घ्यायचा. उपकरण तेवढं वर सरकतं आणि सीटीवर मोजलं तर 15 सेंटिमीटरचं टोक सातव्या मणक्याच्या खालच्या कडेपाशी येत होतं, आठव्याच्या वर. शिवाय त्या जागी हात पोहोचतो, डोळ्यांना टाके दिसतात. खोल विहिरीत वाकून शिवावं लागत नाही. खालची महाधमनी 30, म्हणून स्टेंट 34 चा ठरला.

घरच्यांशी बोलणं दोन बैठकांत झालं. मुलाला मी सांगितलं की जुन्या फुटक्या पाइपात ठिबकवाले नवा पाइप सरकवतात तसं हे आहे, फरक इतकाच की एक पाइप टोकाला लोंबता सोडायचा आणि पुन्हा येऊन जोडायचा, दुसरा तिथल्या तिथे घट्ट बसतो. पाय जाण्याचा धोकाही स्पष्ट सांगितला, टक्क्यांत आणि टक्क्यांशिवाय. मुलगा गप्प. वडील म्हणाले, "एकदाच काय ते करून टाका. मी दोनदा येनार नाही, आत्ताच सांगतो." हे त्यांनी स्वतःच सांगितलं, मी विचारण्याआधी. खर्चाचा जेवढा भाग सरकारी आरोग्य योजनेत बसला तेवढा बसवला. उपकरणासाठी ट्रस्टकडे अर्ज, नातेवाईक आणि सोनेतारण. त्यात सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत बीपी 120 च्या खाली राहावं म्हणून मी दर दोन दिवसांनी फोन करत होतो. पैशांची जुळवाजुळव चालू असताना फुगा थांबत नाही.

ऑपरेशन थिएटर (ओटी) आणि दुसरी रात्र

उजव्या खांद्याखालच्या धमनीला 8 मिलिमीटरची नळी शिवून तिथून पंप सुरू केला. शरीर 25 अंशांपर्यंत थंड केलं. 1975 मध्ये अमेरिकी सर्जन ग्रीप यांनी खोल थंडीत रक्ताभिसरण थांबवून कमान बदलता येते हे दाखवलं तेव्हा मेंदूला फक्त थंडीचा आधार होता. आज त्याच खांद्याच्या नळीतून आणि डाव्या कॅरोटिडमधल्या वेगळ्या नळीतून मेंदूला रक्त देत राहतो, दर किलोला मिनिटाला 10 मिलिलिटरच्या हिशेबाने. कपाळावरच्या पट्ट्या दोन्ही बाजूंचा ऑक्सिजन दाखवत असतात. पंप चालवणारा परफ्युजनिस्ट ते आकडे दर मिनिटाला मोठ्याने वाचतो. सबंध ओटीत तेवढाच आवाज असतो.

कमान उघडली. म्यानात गुंडाळलेला स्टेंट खाली सरकवला, म्यान ओढलं, कडी एकेक करून उघडत गेली. हे पाहायला दोन क्षणही लागत नाहीत. मग उपकरणाची कापडी कॉलर महाधमनीच्या काठाला, बाहेरून फेल्टची पट्टी घेऊन, गोल शिवून काढली. चौथ्या फांदीतून कमरेखालचं रक्त सुरू केलं तेव्हा ते थांबवून 41 मिनिटं झाली होती. एरवी मी हा आकडा एवढा जपून लिहिला नसता, पण किडनी आणि मज्जारज्जू दोन्ही ही 41 मिनिटं उपाशी असतात, आणि पुढे जे झालं त्याचा धागा इथे असू शकतो. मग वरची टोकं शिवली: डावी सबक्लेव्हियन, हृदयाकडचा टाका, शेवटी बाकी दोन शाखा. रक्तस्राव बेताचा. रात्री दहाला आयसीयूत.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्वासाची नळी निघाली. हातपाय चारही हलले. मी निवांत झालो, आणि तेवढ्यात व्हायला नको होतं.

आयसीयूतली रात्रपाळीची सिस्टर दर तासाला एकच गोष्ट करायची: पायथ्याशी उभं राहायचं आणि म्हणायचं, "मामा, दोन्ही पाय उचला." मध्यरात्रीनंतर हृदयाची लय बिघडली, बीपी घसरलं, औषधाने लय आवरली. पहाटे साडेतीनला ते म्हणाले, "सिस्टर, पाय जड पडू लागले." डावा पाय गादीवरून उठला नाही, उजवा टाचेवर घसरत राहिला. तिने सकाळची वाट पाहिली नाही. फोन केला तो मला थेट.

उशिरा येणारं हे लुळेपण बीपी पडल्यावर येतं, आणि वेळेत धरलं तर परतू शकतं. सरासरी दाब 90 च्या वर चढवला, रक्त दिलं, ऑक्सिजन वाढवला. भूलतज्ज्ञांनी रक्त गोठण्याची तपासणी पाहून कमरेतून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढणारी बारीक नळी घातली, म्हणजे आतला दाब कमी होऊन रक्ताला जागा मिळते. ही नळी ऑपरेशनआधीच घालावी का, यावर आमच्यात मतभेद होते. हेपरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधामुळे कण्यात रक्तस्राव होईल या भीतीने मी नको म्हटलं होतं. आज अशाच रुग्णाला मी आधी घालेन.

नऊ वाजता डाव्या पायाचा अंगठा हलला. संध्याकाळी दोन्ही पाय गादीवरून उठले. तिसऱ्या दिवशी धरून उभे राहिले. क्रिएटिनिन 2.4 पर्यंत गेलं आणि डायलिसिस न लागता उतरलं. चौदाव्या दिवशी घरी. लोंबती सोंड केली असती तर ती पहाट बहुधा आलीच नसती, हे मला मान्य आहे. पण तीन महिन्यांनी ते आले नसते हेही तितकंच खरं, आणि दोन्हींतलं कोणतं पत्करायचं ते त्यांनीच बैठकीत सांगून ठेवलं होतं.

सहा महिन्यांच्या सीटीत स्टेंटच्या बाहेरचा फुगा गोठलेल्या रक्ताने भरून बंद झाला होता, कुठेही गळती नव्हती. आवाज मात्र परत आला नाही. महिनोन्महिने ताणलेली नस बहुतेकदा सावरत नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी स्वरतंतूला आधार देणारी शस्त्रक्रिया सुचवली. ते हसले आणि म्हणाले, टाळ तर वाजवता येतो.

वर्षाचा सीटी ठरलेल्या तारखेला झाला नाही. फोन केला तर पैठणच्या नाथषष्ठीचं कारण. षष्ठीनंतरच्या सोमवारी आले, सीटीच्या जुन्या प्लेटा खताच्या पिशवीत गुंडाळून. फुगा 64 वरून 57 वर आला होता. स्टेंटच्या टोकाखाली महाधमनी 30 ची 33 झाली होती. ताठ कड्याचं टोक जिथे संपतं तिथे भिंतीला इजा होऊ शकते, जागा रुंदावू शकते, म्हणून ती जागा दरवर्षी पाहावी लागणार. वाढली तर मांडीतून एक स्टेंट नेऊन याच टोकात जोडता येईल, बरगड्या उघडाव्या लागणार नाहीत. मी हे सगळं प्लेट उजेडाला धरून दाखवलं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे साहेब, दुसरा टप्पा आहेच म्हणा की."

आहे, मी म्हटलं. खिशातून छोटी डायरी काढून त्यांनी मुलाकडे दिली आणि पुढच्या नाथषष्ठीच्या पानावर सीटीची तारीख लिहायला सांगितली, षष्ठीच्या आधीची.